धूर कोणाच्या घरात?

१८८५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लिमा या गावी, पुठ्ठ्याच्या गिरणीचा मालक नैसर्गिक वायूच्या शोधात विहीर खोदत होता. विहिरीला वायूऐवजी तेल लागले. अमेरिकेच्या तेलधंद्याला त्या वेळी अशा बातमीची फार गरज होती. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचे उत्पादन १८८१ नंतर उतरणीला लागले होते. तिथल्या विहिरी आटल्या तर एवढ्या रिफायनऱ्या, नळ आणि टाक्या घेऊन करायचे काय, ही धास्ती स्टँडर्ड ऑइलच्या संचालकांना लागून राहिली होती. लिमाचे तेल भरपूर होते. त्यात दोष एकच होता, पण त्या दोषामुळे पिंपाला पंधरा सेंट एवढा पडेल भाव लावूनही त्याला धड गिऱ्हाईक मिळेना. पेनसिल्व्हेनियाच्या तेलात गंधक नावापुरता होता, लिमाच्या तेलात तो शेकडा अर्ध्याच्या आसपास होता. तेलाला नासक्या अंड्यांसारखा वास यायचा. त्यापासून काढलेले रॉकेल दिव्यात घातले की वातीवर खरपूड धरायची, काच धुरकटायची आणि बंद खोलीत गंधकाच्या धुराने घशाला खवखव सुटायची. त्या काळी तेलधंद्याचा मुख्य माल रॉकेल हाच होता आणि रॉकेल जळत होते ते माणसांच्या राहत्या घरात.

पेट्रोलियममधून गंधक काढण्याचा इतिहास बहुधा रसायनशास्त्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी तांब्याचा ऑक्साइड आला, मग हायड्रोजन आला, मग उत्प्रेरक सुधारत गेले, आणि गंधकाचे प्रमाण शेकड्यावरून दशलक्षातल्या दहा भागांवर आले. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. पण या तपशिलांवरून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. गंधक काढायची रीत हाताशी असताना काही ठिकाणी तो तीन वर्षांत निघाला आणि काही ठिकाणी निघायला अर्धे शतक का लागले? या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या घडामोडी क्रमाने पाहिल्या तर मला एकच उत्तर दिसते. गंधक जळून झालेला धूर कोणाच्या वाट्याला येतो आणि त्याच्या तक्रारीला बाजारात किंवा कचेरीत किती वजन आहे, यावर गंधक निघण्याची तारीख ठरत आली आहे. रसायनशास्त्राने दार उघडून दिले. आत जायचे केव्हा, हे मात्र तक्रारदाराच्या वजनाने ठरवले.

लिमाची गोष्ट या दृष्टीने नीट पाहण्याजोगी आहे. स्टँडर्डचा प्रमुख जॉन रॉकफेलर ते तेल विकत घेऊन टाक्यांत साठवत राहिला आणि १८८८ पर्यंत हा साठा सुमारे चार कोटी पिंपांवर गेला. न खपणाऱ्या तेलात एवढा पैसा गुंतवायला चार्ल्स प्रॅटसारखे संचालक तयार नव्हते. जॉन आर्चबोल्डने तर आपले काही शेअर पडत्या किमतीत विकून टाकले. वेळ पडली तर तीस लाख डॉलर आपण पदरचे घालू, असे सांगून आपण मंडळाचा विरोध मोडून काढला, असे रॉकफेलरने पुढे आठवणीत सांगितले आहे. या काळात कंपनीने आणखी एक वाट काढली. १८८८ साली लिमापासून शिकागोपर्यंत नळ टाकून हेच कच्चे तेल कारखान्यांना बॉयलरसाठी जळण म्हणून विकायला सुरुवात झाली. दिव्यात जे तेल चालत नव्हते ते बॉयलरखाली चालले. गंधक तोच होता आणि त्याचा धूरही तोच होता. फरक एवढाच की दिव्याचा धूर तेल विकत घेणाऱ्याच्या खोलीत राहायचा आणि बॉयलरचा धूर धुराड्यातून शहरावर पसरायचा. तेल घेणारा वेगळा आणि धूर सोसणारा वेगळा झाल्याबरोबर गंधक काढण्याची निकड संपली.

रॉकेलच्या बाबतीत मात्र ती निकड टळणारी नव्हती, म्हणून १८८६ साली स्टँडर्डने हर्मन फ्राशला नोकरीत घेतले. फ्राशचा जन्म १८५१ साली जर्मनीतल्या वुर्टेनबर्गमध्ये झाला. औषधे बनवण्याची उमेदवारी करून तो १८६८ साली अमेरिकेत आला, फिलाडेल्फियात रसायनशास्त्रात मुरला आणि पुढे तेलाकडे वळला. कॅनडातल्या ऑन्टॅरिओचे तेलही असेच दुर्गंधी होते आणि तिथे स्वतःचा कारखाना चालवताना त्याने गंधकाशी दोन हात केले होते. त्याच्याआधी धंद्यात रुळलेला उपाय म्हणजे ‘डॉक्टर’ नावाचे द्रावण. कॉस्टिक सोड्यात शिशाचा ऑक्साइड विरघळवायचा, त्यात चिमूटभर गंधक घालायचा आणि तेल त्याच्याबरोबर घुसळायचे. या उपचाराने मरकॅप्टन नावाच्या उग्र वासाच्या संयुगांचे जवळजवळ वास नसलेल्या डायसल्फाइडांत रूपांतर होते. वास जातो, पण गंधक तेलातच विरघळलेला राहतो. फ्राशने मुळावर घाव घातला. तेल उकळून त्याची वाफ तांब्याच्या ऑक्साइडच्या भुकटीतून नेली. वाफेतला गंधक तांब्याला चिकटला आणि त्याचा सल्फाइड झाला. भुकटी तळाशी बसू नये, तिचा प्रत्येक कण वाफेच्या संपर्कात यावा, म्हणून भांड्यात ब्रश फिरते ठेवले. गंधकाने भरलेली भुकटी मग भट्टीत भाजली की पुन्हा ऑक्साइड तयार आणि तीच भुकटी पुन्हा कामाला लागे. ऑक्टोबर १८८८ मध्ये प्रयोग साधला. १८८९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी व्हायटिंग येथे लिमाच्या तेलासाठी प्रचंड रिफायनरी उभी राहू लागली आणि पुढच्या वर्षी ती सुरू झाली.

विहीर लागल्यापासून उपाय सापडेपर्यंत अवघी साडेतीन वर्षे गेली. कायदा नव्हता, खटला नव्हता, आरोग्यखाते नव्हते. फ्राशची बुद्धी आणि रॉकफेलरची जोखीम यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, पण त्या दोघांना कामाला लावणारी शक्ती स्वयंपाकघरात आणि माजघरात होती. गंधकाची फसवणूक तिथे लपत नव्हती. ‘डॉक्टर’ने वास घालवलेले रॉकेल दुकानात चांगले वाटले तरी संध्याकाळी दिवा लावला की काच खरे ते सांगायची आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचे. बाजाराने आपले काम चोख केले, कारण नुकसान सोसणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच होता. याच गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नये. फ्राशच्या भट्टीत सल्फाइड भाजताना गंधकाचा वायू हवेत जात होता. दिव्यातला गंधक नाहीसा झाला नव्हता, तो गिऱ्हाइकाच्या खोलीतून रिफायनरीच्या परिसरात हलवला गेला होता. त्या परिसरात राहणाऱ्यांना दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती.

विसाव्या शतकात दिव्याची जागा विजेने घेतली आणि तेलधंद्याचा मुख्य माल पेट्रोल झाले. पेट्रोल आणि डिझेल माणूस विकत घेतो, पण त्यांचा धूर गाडीच्या मागच्या नळीतून इतरांच्या दारात सोडतो. गिऱ्हाइकाला तेलाचा त्रास होतो तो फक्त टाकी भरताना येणाऱ्या वासापुरता. साहजिकच धंद्याने तेवढाच उपाय पुरेसा मानला. ‘डॉक्टर’ची पद्धत पुढची कित्येक दशके चालू राहिली. १९५०च्या दशकाअखेर तिच्या जागी अधिक स्वच्छ, हवेच्या साहाय्याने चालणारी मेरॉक्स पद्धत आली, पण पेट्रोलसारख्या इंधनात तिचेही मुख्य काम मरकॅप्टनचा डायसल्फाइड करणे हेच. मरकॅप्टन हवेत अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम त्याच जातीचे संयुग मिसळलेले असते. निसर्गाने माणसाला गंधकाची सूचना देणारी इतकी तीक्ष्ण यंत्रणा दिली असताना इंधनातून सूचना तेवढी काढून टाकली गेली आणि गंधक आत ठेवला गेला. यात कोणी कट केला असे म्हणण्याचे कारण नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची तक्रार दूर केली, त्याचे काम तिथे संपले. ज्यांची तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न बाजाराच्या वहीत मांडायला जागाच नव्हती.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञानाचा. जाणकार म्हणतील की तांब्याच्या ऑक्साइडने अब्जावधी लिटर डिझेल स्वच्छ होणार नव्हते, त्याला हायड्रोजन लागतो, आणि स्वस्त हायड्रोजन मिळेपर्यंत उद्योग तरी काय करणार? आक्षेप वजनदार आहे. आजची सर्वमान्य रीत अशी: तेल हायड्रोजनबरोबर तीनशे-चारशे अंश तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून न्यायचे. गंधक हायड्रोजनशी जुळून हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तेलापासून वेगळा पडतो. गंधकाला न जुमानणारे उत्प्रेरक जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशापासून तेल करण्याच्या खटाटोपात १९२०च्या दशकातच शोधले होते. अडचण हायड्रोजनच्या किमतीची होती. ती १९४९ साली सुटू लागली. व्लादिमीर हेन्सेल या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या साहाय्याने नॅफ्थापासून उच्च दर्जाचे पेट्रोल करण्याची पद्धत त्या वर्षी कारखान्यात उतरवली, आणि या पद्धतीत हायड्रोजन आपोआप जोडीला मिळू लागला.

पण नेमकी याच घटनेने तंत्रज्ञानाच्या आक्षेपाची हवा काढून घेतली. प्लॅटिनमला गंधक सोसत नाही. तो उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि महागडा धातू निकामी करतो. म्हणून रिफायनऱ्यांनी नॅफ्था आधी हायड्रोजनने धुऊन घ्यायला सुरुवात केली, आणि १९६०च्या दशकाअखेर प्लॅटिनम-ऱ्हेनियमचे नाजूक उत्प्रेरक आले तेव्हा त्यातला गंधक दशलक्षात एखाद्या भागापर्यंत खाली आणला. त्याच आवारात, त्याच कच्च्या तेलापासून निघणारे डिझेल मात्र दशलक्षात हजारो भाग गंधक घेऊन बाहेर पडत राहिले. रसायनशास्त्र म्हणून दोन्ही कामे सारखी सोपी नव्हती, हे मान्य. डिझेलमधला गंधक डायबेन्झोथायोफिनसारख्या मोठ्या वलयांत अडकलेला असतो आणि वलयाला नेमक्या जागी मेथिल गट जोडलेले असले तर उत्प्रेरकाला गंधकापर्यंत पोहोचणे मुश्कील होते. शेवटचे काही भाग काढायला खरोखरच नवे उत्प्रेरक आणि अधिक दाब लागला. पण ही अडचण पन्नासावरून दहावर येतानाची आहे. दहा हजारांवरून पाचशेवर यायला १९६०च्या दशकातले ज्ञान पुरेसे होते. प्लॅटिनमची हानी रिफायनरीच्या स्वतःच्या हिशेबात दिसत होती, म्हणून ती थांबवली गेली. फुप्फुसांची हानी त्या हिशेबात नव्हती.

ती हिशेबात आणायचे काम जपानमधल्या एका बंदरावरच्या गावकऱ्यांनी करून दाखवले. योक्काइची इथे १९५०च्या दशकाअखेर तेल आणि रसायनांचे मोठे संकुल सुरू झाले. पश्चिम आशियातल्या गंधकयुक्त तेलाचा जड गाळ तिथे जळण म्हणून जाळला जाई. थोड्याच वर्षांत आसपासच्या वस्त्यांत दम्याने इतके लोक आजारी पडले की त्या आजाराला गावाचेच नाव पडले. पहिला उपाय झाला तो धुराडी उंच करण्याचा, म्हणजे धूर आणखी दूर नेऊन पातळ करण्याचा. १९६७ साली नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांविरुद्ध दावा लावला. अमुक रुग्णाला अमुक धुराड्याने आजारी पाडले हे कसे सिद्ध करायचे, हीच तिथली खरी अडचण होती. २४ जुलै १९७२ रोजी न्यायालयाने सहाही कंपन्यांना मिळून जबाबदार धरले. पुढच्याच वर्षी जपानने प्रदूषणग्रस्तांच्या भरपाईचा कायदा केला आणि भरपाईचा मोठा भाग कारखान्यांनी हवेत सोडलेल्या गंधकाच्या मोजमापावर आकारणी करून उभा केला. लिमाच्या दिव्याने आपसूक जे केले होते, म्हणजे धुराचा त्रास विकणाऱ्याच्या दारात परत आणून ठेवणे, ते जपानने कायद्याने केले. जड तेलातून थेट गंधक काढणारे संयंत्र इदेमित्सु कंपनीने चिबा इथे १९६७ सालीच उभारले होते. म्हणजे यंत्र निकालाच्या आधीच तयार होते. निकालाने गंधक सोडण्याला किंमत लावली.

आपल्याकडे मुंबईच्या तुर्भे-माहुल भागात १९५४ साली स्टँडर्ड-व्हॅक्युमची (पुढे एस्सोची) आणि १९५५ साली बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली. १९७०च्या दशकात त्या सरकारी मालकीच्या झाल्या आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम त्या चालवतात. पश्चिम आशियातून येणाऱ्या तेलात गंधक शेकडा दीड-दोन किंवा त्याहूनही अधिक असतो. १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायच्या तेलात तो शेकडा पाव भागाहूनही कमी. निसर्गाने दिलेली ही सवलत डिझेलच्या मागणीपुढे पुरेशी नव्हती आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या डिझेलमध्ये शेकडा एक भाग, म्हणजे दहा हजार पीपीएम (दशलक्षात भाग), गंधक चालत असे. हा आकडा कागदावर लहान वाटतो. २०० लिटर डिझेल भरलेल्या ट्रकच्या टाकीत तेव्हा दीड किलोहून अधिक गंधक असू शकत होता आणि जळल्यावर त्याचा सव्वातीन किलोच्या आसपास सल्फर डायऑक्साइड व्हायचा. आजच्या मर्यादेत त्याच टाकीत जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम गंधक असतो. हवेत गेलेला वायू तिथेच थांबत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, ते छातीत खोलवर जातात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

भारतात पहिली वजनदार फिर्याद एका इमारतीच्या नावाने लागली. आग्र्यापासून काहीच अंतरावर मथुरेची रिफायनरी १९८२ साली सुरू झाली आणि ताजमहालाच्या संगमरवराला आम्लयुक्त हवेचा धोका आहे, असे म्हणत वकील एम. सी. मेहता १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालाने त्या परिसरातल्या २९२ कारखान्यांना कोळसा सोडून वायूकडे वळा किंवा जागा बदला, असे बजावले. १९९६ मध्ये डिझेलच्या गंधकावर मर्यादा आली तीही आधी चार महानगरांत आणि ताजच्या परिसरात. सगळ्या देशाला पाव टक्क्याची मर्यादा मिळायला २००० साल उजाडले. दिल्लीच्या वाहनांबद्दल मेहतांचीच १९८५ ची याचिका होती. तीत न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिला. मुंबईत १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली आणि त्या प्रक्रियेतून डिझेलचा गंधक घटवणे, जुन्या टॅक्सी वायूवर आणणे असे निर्णय पुढे सरकले. २००१ च्या सुमारास महानगरांना ५०० पीपीएमचे डिझेल मिळू लागले. दहा हजारांवरून पाचशेवर यायला पाच-सहा वर्षे लागली, तीही न्यायालयाने तारखा घालून दिल्यावर.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे. भारत गरीब देश होता. डिझेलवर शेतपंप, ट्रक आणि एसटी चालत होती. गंधक काढणाऱ्या संयंत्रांचा खर्च अखेर भाजीच्या भावात उतरला असता. म्हणून टप्प्याटप्प्याने जाणे हाच शहाणपणा होता. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली वाहन-इंधन धोरणाचा जो अहवाल दिला, त्याचा गाभा असाच होता. कोणते इंधन वापरा हे सरकारने सांगू नये, प्रदूषणाची मर्यादा सांगावी आणि तारखांचे वेळापत्रक द्यावे. त्या वेळापत्रकाचे मोल मोठे आहे. रिफायनरीत एक संयंत्र बसवायला तीन-चार वर्षे लागतात आणि तारीख आधी कळली नाही तर कोणी पैसा घालत नाही. तरीही ५ एप्रिल २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या समितीच्या रचनेवर बोट ठेवले: तिच्यात एकही डॉक्टर वा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नव्हता. हा व्यक्तींवरचा दोषारोप मी मानत नाही. पण टेबलाभोवती इंधन, वाहन आणि खर्च जाणणारे लोक बसतात आणि आजार जाणणारा कोणी नसतो, तेव्हा खर्चाच्या रकान्यात एकच आकडा राहतो. गंधक काढण्याचा खर्च त्यात दिसतो. गंधक न काढण्याचा खर्च दवाखान्यांत, बुडालेल्या रोजंदारीत आणि अकाली मृत्यूंत विखुरलेला असल्याने दिसत नाही. तो गरीब देशाला परवडत होता असे म्हणायचे असेल, तर तो त्या देशातल्या गरिबांनीच भरला हेही सांगायला हवे, कारण रस्त्याकडेला राहणारे आणि रस्त्यावर पोट भरणारे तेच.

टप्प्यांचा नकाशा पाहिला की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. एप्रिल २०१० मध्ये ५० पीपीएमचे डिझेल देशातल्या तेरा शहरांना मिळाले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. उरलेल्या देशाला ३५० पीपीएम. पुणे आणि सोलापूर यांच्यामधल्या, त्याच महामार्गावरच्या गावांना सातपट गंधकाचे इंधन मिळत राहिले आणि सबंध देश ५० पीपीएमवर यायला एप्रिल २०१७ उजाडले. मोठ्या शहरांत गाड्या जास्त, म्हणून तिथून सुरुवात, हे कारण समजण्यासारखे आहे. पण सात वर्षांचे अंतर गाड्यांच्या संख्येने समजावता येत नाही. वर्तमानपत्रे, याचिका करणारे वकील आणि हवा मोजणारी यंत्रे शहरांत होती, हे त्याचे खरे कारण. जिथे मोजले जात नाही तिथे तक्रारीला पुरावा मिळत नाही, आणि पुराव्याविना फिर्याद उभी राहत नाही.

शेवटचा टप्पा फार वेगाने पार पडला, आणि तोही या युक्तिवादाच्या बाजूने बोलतो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने वाहनांच्या प्रदूषणाच्या भारत स्टेज (बीएस) निकषांतला बीएस-पाच हा टप्पा गाळून एप्रिल २०२० पासून थेट बीएस-सहा लागू करायचे ठरवले. डिझेल आणि पेट्रोल, दोन्हींत दहा पीपीएम. खर्च परवडणार नाही, वेळ पुरणार नाही, असे आवाज उठले. तेल कंपन्यांनी तीस हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च केला आणि काम ठरल्या तारखेला झाले. इतका आग्रह दहा पीपीएमचाच का? कारण वाहनांच्या धुराड्यात आता प्लॅटिनम-पॅलेडियमचे उत्प्रेरक आणि काजळीचे गाळणे बसवायचे होते आणि गंधक त्यांना निकामी करतो. १९५०च्या दशकात रिफायनरीतल्या प्लॅटिनमने जी तक्रार केली तीच आता गाडीतल्या प्लॅटिनमने केली, आणि ती लगेच ऐकली गेली. फलित चांगलेच आहे आणि त्याचे मनापासून स्वागत करावे. पण चार वर्षांत जे जमले ते त्याआधीच्या दशकांत का जमले नाही, याचे उत्तर खर्च किंवा तंत्र यांत सापडत नाही.

आणि जिथे कोणीच राहत नाही तिथे काय झाले? जमिनीवरच्या इंधनातून गंधक निघत होता तेव्हा शुद्धीकरणाच्या तळाशी उरणारे जड तेल जहाजांना विकले जात होते. भर समुद्रात धुराड्याखाली वस्ती नसते आणि त्या पाण्यावर एकाही देशाचा अंमल नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार २०१९ संपेपर्यंत तिथे साडेतीन टक्के, म्हणजे पस्तीस हजार पीपीएम गंधक चालत होता. दहा पीपीएमच्या साडेतीन हजार पट. १ जानेवारी २०२० पासून मर्यादा अर्धा टक्का झाली. त्यातही जहाजावर धूर धुण्याचे यंत्र बसवून जुनेच तेल जाळण्याची मुभा आहे आणि अशा कित्येक यंत्रांचे आम्लयुक्त पाणी परत समुद्रातच जाते. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला थोडी थंड ठेवतात, म्हणून गंधक घटवल्याने तापमानवाढ उघडी पडते, असा आक्षेप अलीकडे ऐकू येतो. विज्ञान म्हणून तो बरोबर आहे. पण हे कण काही दिवसांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड शतके टिकतो. एकाचे विष दुसऱ्याचे औषध म्हणून कायम चालू ठेवायचे, तर दर वर्षी नव्याने लोकांच्या छातीत कण सोडत राहावे लागेल. उपाय कार्बन घटवण्याचाच आहे.

तिसरा आक्षेप असा की आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडचा मोठा वाटा कोळशावरच्या वीजकेंद्रांचा आहे, मग तेलातल्या गंधकाची एवढी चर्चा कशाला? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच हा इतिहास उपयोगाचा आहे. वीजकेंद्रांसाठी गंधकाचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती, ती वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या, म्हणजे बहुसंख्य, केंद्रांना गंधक काढण्याच्या संयंत्रांतून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो आणि धूर धुण्यासाठी चुनखडी व वीज लागते, ही सरकारची बाजू दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण सूट कोणाला आणि सक्ती कोणाला, हे ठरवताना लावलेली फूटपट्टी शहरापासूनच्या अंतराची आहे. सल्फेटचे कण शेकडो किलोमीटर जातात हे ठाऊक असताना अंतर हा आरोग्याचा निकष ठरत नाही, तो तक्रार ऐकू येण्याचा निकष ठरतो.

फ्राशच्या पुढच्या आयुष्याने या इतिहासाला एक जोड दिली आहे. १८९४ साली त्याने लुइझियानात जमिनीखालचा गंधक अतितप्त पाण्याने वितळवून वर उपसण्याची रीत यशस्वी केली आणि सिसिलीची मक्तेदारी मोडली. शंभरएक वर्षांनी रिफायनऱ्या आणि वायुप्रकल्प हायड्रोजन सल्फाइडपासून, क्लाउस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने, इतका गंधक वेगळा करू लागले की २००० साली अमेरिकेतली फ्राश-पद्धतीची शेवटची खाण बंद झाली. आज जगातल्या खतांना लागणारा गंधक मुख्यतः तेल आणि वायू स्वच्छ करतानाच मिळतो. तेव्हा काढलेला गंधक हा निव्वळ बोजा आहे असेही नाही. लिमा, योक्काइची, दिल्ली आणि भर समुद्र यांवरून मी काढतो तो निष्कर्ष साधा आहे. उद्योगाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही आणि बाजाराला नाकारण्याचीही नाही. बाजाराने १८८८ मध्ये गंधक काढला तो नुकसान त्याच्या दारात आले म्हणून. जिथे ते आपसूक दारात येत नाही तिथे ते आणून ठेवणे हे कायद्याचे काम आहे. त्यासाठी हवा गावोगाव मोजली पाहिजे, निर्णयाच्या टेबलावर डॉक्टर बसला पाहिजे आणि सवलतीची मुदत मागणाऱ्याला आधी विचारले पाहिजे की या मुदतीत धूर कोणाच्या घरात जाईल आणि त्याने त्याला संमती दिली आहे काय. हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर आपल्या डिझेलमधला गंधक निदान वीस वर्षे आधी निघाला असता, आणि वीजकेंद्रांच्या बाबतीत तो आजही विचारता येतो.